साठ किलोंच्या आतले मल्ल : करवीर–बेळगाव पट्ट्यातील हलक्या वजनाची कुस्ती

कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव ही गावे आज पुणे–बंगळूर महामार्गावर एकामागून एक येत असली, तरी विसाव्या शतकाच्या आरंभी हा पट्टा अनेक सत्तांमध्ये वाटला गेलेला होता. निपाणी आणि चिकोडीसह बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजांच्या थेट अमलाखाली होता. बेळगाव शहराला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानाच्या मालकीचे होते. रायबागचा महाल कोल्हापूर दरबाराकडे होता, तर कागल ही त्याच दरबाराच्या छायेतील जहागीर होती. महसूल कोणाकडे भरायचा आणि फिर्याद कोणत्या कचेरीत लावायची, हे अशा हद्दींवरून ठरत असे. परंतु कुस्तीचा फड कोठे भरतो, त्यात कोणाची जोड कोणाशी लागते आणि होतकरू पोराला कोणत्या वस्तादाच्या हाताखाली घालायचे, या प्रश्नांना त्या हद्दींशी काही देणेघेणे नव्हते. मराठीत ज्याला तालीम म्हणतात आणि कानडीत गरडी मने, ती संस्था या साऱ्या टापूत एकाच घडणीची होती : ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवलेल्या तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी मारुतीची मूर्ती, पहाटेचे जोर आणि बैठका, आणि दूध, तूप, बदामाची थंडाई असा ज्याला परवडेल त्याने घ्यायचा खुराक.

या व्यवस्थेत मल्लाचे वजन तराजूवर कोणी करत नसे. यात्रा किंवा उरूस आला की गावकीचे पंच मैदान ठरवत आणि जोड लावण्याचे काम, म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी हे ठरवण्याचे काम, जुनी जाणती माणसे दोघांना शेजारी उभे करून, छाती, मान आणि मांड्यांचा अंदाज घेऊन नजरेने उरकत. निपाणीचा उरूस असो की येळ्ळूरच्या चांगळेश्वरीची यात्रा, मैदानाचा क्रम ठरलेला असे. दुपारच्या उन्हात लहान पोरांच्या नारळाच्या नाहीतर खोबऱ्याच्या वाटीच्या कुस्त्या, मग थोड्या रकमांच्या, आणि हलगीचा ठेका चढत जाऊन सूर्य कलता कलता मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. या क्रमात हलक्या अंगाच्या मल्लाची जागा आपोआप ठरून जाई. तो कितीही चपळ असला, त्याचा एकेरी पट कितीही बिनचूक असला, तरी त्याची कुस्ती मैदान निम्मे भरलेले असताना लागे, आणि वयाबरोबर अंग धरले नाही तर त्याचे इनामही तेथेच थांबे. मातीवरच्या कुस्तीत निकाल चितपट करून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवून लागत असल्यामुळे आणि कित्येक मैदानांत वेळेची काटेकोर मर्यादा नसल्यामुळे, दमाचा आणि वजनाचा मल्ल कमी वजनाच्या मल्लाला नुसते दाबून ठेवून थकवू शकत असे. राजाश्रयाचा कलही तसाच होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०२ मध्ये युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधून घेतले, जे १९१२ मध्ये पुरे झाले. मध्ये खोलगट हौदा आणि भोवती उतरत्या बैठका असलेल्या त्या भव्य मैदानात लोक येत ते उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या अवाढव्य पैलवानांची झुंज पाहायला. शाहूंनी कुस्तीला जे दिले त्याचे मोल कोणी कमी करू नये. पण तो आश्रय मुख्यतः भारी मल्लाचा होता, हेही तितकेच खरे आहे.

वजनानुसार गट पाडण्याची पद्धत युरोप–अमेरिकेतील मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांतून आली. तिथे हलक्या गटांना पक्ष्यांवरून नावे पडली होती : सर्वांत हलका फ्लायवेट हा मात्र माशीवरून, त्यानंतर बँटमवेट हा एका लहान चणीच्या झुंजार कोंबड्यावरून आणि त्याच्यावरचा फेदरवेट हा पिसावरून. फेदरवेटची मर्यादा काळानुसार सरकत राहिली. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये ती ६० किलो होती, १९५२ मध्ये ६२ आणि १९६० च्या दशकात ६३. मिश्र युद्धकलेत, म्हणजे ठोसे, लाथा, पकड आणि जमिनीवरची झुंज हे सारे एकाच लढतीत चालणाऱ्या खेळात, फेदरवेट म्हणजे १४५ पौंड, सुमारे ६५.८ किलो. आकडा कोणताही घेतला तरी करवीर–बेळगाव भागातील शेतकरी कुटुंबातल्या सर्वसाधारण तरुणाचे अंगमान याच्याच आसपासचे होते. म्हणजे ज्या गटात या मुलखाला सर्वाधिक मल्ल मिळू शकत होते, तोच गट येथील मैदानांना ठाऊक नव्हता. या विसंगतीतून पुढची सगळी कथा निघते.

या गटाशी गाठ प्रथम पडली ती पुण्यामार्गे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दख्खनच्या खेड्यांतून आलेले शेतकरी धावपटू पाहिले, जे अनवाणी धावत होते, ज्यांना आधुनिक शिक्षणाचा वारा नव्हता आणि तरीही ज्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणारी होती. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या पाठिंब्याने हिंदुस्थानचा एक छोटा संघ १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवण्याचे ठरले. संघात धावपटू आणि दोन मल्ल होते, आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी वगळता जवळजवळ सगळा भरणा मुंबई इलाख्याच्या मराठी मुलखातला होता. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते, ज्यांनी अँटवर्पला ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळवला. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाईनेनपेक्षा ते १८ मिनिटे मागे होते. गवताळ माळावर आणि कच्च्या रस्त्यांवर धावण्याची सवय असलेल्या माणसाने युरोपातील पावसाळी हवेत, फरसबंदीवर इतके अंतर इतक्या वेळात कापले, ही गोष्ट बेळगावकरांनी जितकी लक्षात ठेवायला हवी होती तितकी ठेवलेली दिसत नाही. गावाच्या क्रीडाइतिहासाचा आरंभ खरे तर तेथून धरायला हवा.

दोन मल्ल होते कुमार नवले आणि रणधीर शिंदे. नवले मिडलवेट गटात पहिल्याच फेरीत बाद झाले. शिंदे यांचे नाव अधिकृत नोंदींत ‘शिंदेस’ असे लागले आहे आणि त्यांचा गट होता फ्रीस्टाईल फेदरवेट, ६० किलो. फ्रीस्टाईल म्हणजे ज्या प्रकारात प्रतिस्पर्ध्याचे पाय धरण्याची आणि पायांनी डाव टाकण्याची मुभा असते तो प्रकार; याउलट ग्रीको-रोमनमध्ये कंबरेखाली पकड घेता येत नाही. आपल्या मातीतल्या कुस्तीचे फ्रीस्टाईलशी जवळचे नाते असल्यामुळे शिंदे यांना पटात घुसणे, पाय लावणे या गोष्टी नव्या नव्हत्या; नवी होती ती गादी, म्हणजे मातीऐवजी अंथरलेली मॅट, नवे होते घड्याळ, आणि नवा होता तो पंचाचा निर्णय, जो पाठ न टेकताही कुस्ती दुसऱ्याच्या पदरात टाकू शकत होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात कुस्त्या झाल्या. उपान्त्यपूर्व फेरीत शिंदे यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवले आणि ते उपान्त्य फेरीत पोहोचले. तेथे अमेरिकेच्या सॅम गर्सनने त्यांना थांबवले, आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनचा बर्नार्ड जिंकला. सुवर्ण अमेरिकेच्या चार्ल्स अ‍ॅकर्लीला, रौप्य गर्सनला, कांस्य बर्नार्डला आणि चौथा क्रमांक शिंदे यांना मिळाला.

हा चौथा क्रमांक कोणत्या परिस्थितीत आला ते पाहिले म्हणजे त्याचे वजन कळते. हिंदुस्थानचे रीतसर ऑलिंपिक मंडळ तेव्हा नव्हते. ते १९२७ मध्ये उभे राहिले. गादीवरची कुस्ती शिकवणारा प्रशिक्षक, वजन राखण्याचे शास्त्र, आंतरराष्ट्रीय नियमांचे पुस्तक, यांपैकी काहीच दख्खनच्या तालमींत नव्हते. असा मल्ल पहिल्याच प्रयत्नात पदकापासून एका कुस्तीच्या अंतरावर जाऊन उभा राहिला, म्हणजे मातीने त्याला जे शिकवले होते ते गादीवरही चालणारे होते. कमतरता डावांची नव्हती. तरीही या कामगिरीमागोमाग या भागात हलक्या वजनाची कोणतीही स्पर्धा सुरू झाली नाही, तालमीत तराजू आला नाही, आणि १९२२ च्या मे महिन्यात शाहू छत्रपती निवर्तल्यानंतर मैदानांचा जुना क्रम होता तसाच चालू राहिला.

याच गटात चार वर्षांनी, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, जपानच्या कात्सुतोशी नाइतोने कांस्यपदक घेतले आणि कुस्तीतले जपानचे ते पहिले पदक ठरले. नाइतो मुळात जूदो खेळणारा होता. जूदो ही जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सूतून घडवलेली युद्धकला, जिच्यात प्रतिस्पर्ध्याच्याच जोराचा उपयोग करून त्याला फेकण्यावर भर असतो, आणि म्हणून जी लहान चणीच्या माणसाला आरंभापासून सोयीची आहे. नाइतो अमेरिकेत पेन स्टेट महाविद्यालयात शिकत असताना तेथील कुस्ती संघाचा कर्णधार झाला आणि तेथूनच पॅरिसला गेला. शिंदे आणि नाइतो यांच्यात गुणवत्तेचे अंतर फारसे मानण्याचे कारण नाही. अंतर होते ते पाठीमागच्या व्यवस्थेचे. नाइतोच्या मागे एक शिस्तबद्ध पद्धत, महाविद्यालय आणि रोजचा गादीवरचा सराव होता. पुढे वासेदा विद्यापीठातील जूदोपटू इचिरो हात्ता यांनी १९३१ च्या सुमारास तेथे कुस्तीचा संघ बांधला आणि १९३२ मध्ये जपानची हौशी कुस्ती संघटना उभी राहिली. जपानने कुस्ती महाविद्यालयांत रुजवली, आणि महाविद्यालयातला विद्यार्थी सहसा शंभर किलोंचा नसतो.

करवीर भागातही नेमके महाविद्यालयच हलक्या मल्लाच्या मदतीला आले, पण त्याला आणखी दोन तपे लागली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १९२६, कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले आणि बाबुराव बलवडे व बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा सराव चालला. उंचीने ठेंगणे, अंगाने हलके आणि ढाक या डावात हात बसलेला, असा हा मल्ल होता. ढाक म्हणजे प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून, आपले अंग त्याच्याखाली घालून त्याला डोक्यावरून आपटणे. या डावाला ताकदीपेक्षा क्षणाचा अंदाज लागतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलल्यामुळे खाशाबा जाऊ शकले आणि फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो गटात सहावे आले. त्यापूर्वी अमेरिकेच्या रीस गार्डनर या प्रशिक्षकाने त्यांना गादीची ओळख करून दिली होती. मातीत पाय रोवून उभे राहणाऱ्याला गादीवर तोल कसा सांभाळावा लागतो, हे खाशाबांना प्रथमच आणि फार थोड्या वेळात शिकावे लागले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी संस्थाने विलीन होऊन तीन वर्षे झाली होती आणि दरबाराचा आधार उरला नव्हता. मुंबई सरकारकडे मागितलेली मदत मिळाली नाही. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि कऱ्हाड–कोल्हापूरच्या लोकांनी आपापल्या परीने भर घातली. ही हकिकत नेहमी प्राचार्यांच्या उदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ते बरोबरच आहे. पण जे काम एखाद्या संघटनेच्या वार्षिक अंदाजपत्रकात एका ओळीत बसायला हवे होते, ते एका शिक्षकाच्या घराच्या कागदपत्रांवर येऊन पडले, ही तिची दुसरी बाजू फारशी उच्चारली जात नाही.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मित्झ यांना हरवून ते शेवटच्या तिघांत पोहोचले, जेथे त्यांच्यासमोर जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव हे दोघे होते. त्या काळच्या पद्धतीत हरणाऱ्याला आणि चितपट न करता केवळ निर्णयावर जिंकणाऱ्यालाही दंडगुण मिळत, ते साचत जात आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की मल्ल बाद होई. त्यामुळे शेवटी शिल्लक राहिलेल्यांच्या आपापसांतील कुस्त्यांवर पदके ठरत. खाशाबा दोघांकडूनही हरले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण पंधरा मिनिटांची लांबलेली कुस्ती संपताच त्यांना पुन्हा बोलावले गेले आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे पुढे वारंवार सांगितले गेले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

सुवर्ण मिळवणाऱ्या इशीची वाटचालही पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर ताबा ठेवणाऱ्या दोस्त सैन्याच्या प्रशासनाने शाळांतील जूदोवर लष्करी वृत्ती पोसणारा खेळ म्हणून बंदी घातली होती, आणि त्या बंदीमुळे जे अनेक जूदोपटू कुस्तीकडे वळले त्यांपैकी इशी हा एक होता. पराभूत, अन्नटंचाईने गांजलेल्या देशातून आलेल्या या तरुणाच्या मागेही विद्यापीठाचा संघ आणि राष्ट्रीय संघटना उभी होती. त्याच्यासमोर गादीवर उभा असलेला मल्ल एका गहाण घराच्या जिवावर आलेला होता. कुस्ती अटीतटीची झाली, यातच तालमीच्या शिकवणीची साक्ष आहे.

त्याच हेलसिंकीत फेदरवेट गटात कोल्हापूरचे केशव माणगावे लढत होते, आणि या लेखाच्या विषयाशी खाशाबांपेक्षाही अधिक जवळचे नाव त्यांचेच आहे. ६२ किलोंच्या या गटात तुर्कस्तानचा बायराम शित पहिला, इराणचा नासेर गिवेची दुसरा आणि अमेरिकेचा जोसाया हेन्सन तिसरा आला, माणगावे चौथे. रणधीर शिंदे यांच्यानंतर ३२ वर्षांनी, त्याच गटात, त्याच मुलखाच्या कुस्तीत वाढलेला दुसरा मल्ल त्याच जागी येऊन थांबला. तुर्कस्तान आणि इराण या दोन देशांत तेलाने माखलेल्या अंगाची किंवा जोरखान्यातील कुस्ती शतकानुशतके चालत आली आहे, आणि दोघांनीही ती परंपरा न मोडता तिच्या शेजारी गादी अंथरली होती. म्हणून त्यांच्या हलक्या मल्लांना दोन्हीकडून बळ मिळाले. कोल्हापुरात गादी तेव्हाही पाहुण्यासारखी होती. खाशाबांच्या स्वागताला कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वांना ठाऊक आहे. माणगावे यांच्या वाट्याला चौथ्या क्रमांकाचे मौन आले. पदक आणि चौथा क्रमांक यांत गुणांचे अंतर फार थोडे असते, पण स्मरणाचे फार मोठे.

पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी जे पहिले काम केले ते म्हणजे मैदाने घेऊन, कुस्त्या करून पैसा उभा करणे आणि प्राचार्यांचे घर सोडवणे. म्हणजे ज्या मैदानांनी हलक्या मल्लाला दुपारची जागा दिली होती, त्यांच्याच इनामांतून गादीवर मिळवलेल्या यशाचे कर्ज फेडले गेले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, दीर्घ नोकरीनंतर निवृत्त झाले, १९८४ मध्ये अपघातात वारले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

दरम्यान या पट्ट्यातून एक नवी रेषा ओढली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडला गेला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात राहिला; निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव शहर पलीकडे गेले, आणि त्याविरुद्ध मराठी भाषकांचा जो लढा सुरू झाला तो आजही न्यायालयात आणि रस्त्यावर चालू आहे. कुस्तीचे मात्र विशेष असे की तिची ये-जा या रेषेने थांबली नाही. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचा तरुण कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत येत होता तो येतच राहिला, आणि त्याच एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिली हिंद केसरी गदा खांद्यावर घेतली, तेव्हा त्यांचे जन्मगाव म्हैसूर राज्यात गेलेले होते. कोल्हापूरने त्यांना आपला म्हणून मिरवले, बेळगाव जिल्ह्यानेही, आणि दोघांचेही खरे होते.

पण हिंद केसरी हा किताब, आणि १९६१ पासून महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने सुरू केलेला महाराष्ट्र केसरी हा किताब, दोन्ही भारी मल्लांचे होते. खंचनाळे यांचे यश झळाळते होते, आणि त्या झळाळीनेच एक नुकसानही केले : सीमाभागातील प्रत्येक तालमीत पोराच्या डोळ्यांसमोर आता गदा आली, आणि गदेसाठी वजन वाढवणे आले. हेलसिंकीने दाखवलेली वाट ६० किलोंच्या मुलासाठी खुली होती, पण गावची जत्रा, वर्गणीचे इनाम आणि वर्तमानपत्रातील छायाचित्र हे सारे दुसऱ्या वाटेवर होते. अंगकाठी नसलेल्या कित्येक मुलांनी तूप आणि बैठकांच्या जोरावर वजन चढवण्यात उमेदीची वर्षे घालवली असणार, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही.

जपानने त्याच वर्षांत उलट दिशा पकडली. भारी गटात युरोपीय आणि सोव्हिएत मल्लांशी टक्कर अवघड आहे हे ओळखून त्यांनी हलक्या गटांवर सगळी शक्ती लावली. फेदरवेट फ्रीस्टाईलचे सुवर्ण १९५६ मध्ये शोझो सासाहाराने, १९६४ मध्ये ओसामू वातानाबेने आणि १९६८ मध्ये मासाकी कानेकोने जिंकले. वातानाबे तर संपूर्ण कारकिर्दीत अपराजित म्हणून ओळखला जातो. गादीवरचा हा पाया पुढे दुसऱ्या खेळाच्याही कामी आला. १९८५ मध्ये सातोरू सायामाने ‘शूतो’ ही वजनगटांवर आधारलेली मिश्र युद्धकलेची संघटना काढली आणि टोकियोत लहान चणीच्या लढवय्यांच्या लढतींना तिकीट काढून प्रेक्षक येऊ लागले. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती खेळलेल्या इकुएई यामामोतोचा मुलगा नोरिफुमी, ज्याला ‘किड’ या टोपणनावाने सारे ओळखत, कुस्तीच्या गादीवरून थेट त्या रिंगणात गेला आणि फेदरवेटच्या आसपासच्या वजनात जपानचा सर्वांत लोकप्रिय लढवय्या झाला. २०१८ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी तो कर्करोगाने वारला. शूतोतूनच वर आलेला हात्सू हिओकी फेदरवेट विजेता म्हणून पुढे अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत लढला. वडील ऑलिंपिकला, मुलगा पैशाच्या लढतीत, आणि दोघेही हलके : अशी साखळी करवीर–बेळगाव भागात बांधली गेली नाही, कारण येथे हलक्या मल्लापुढे कुस्ती सुटल्यावर पोलीस, लष्कर, साखर कारखाना किंवा घरची शेती, एवढेच पर्याय होते.

त्या पर्यायांनीच पुढे थोडीफार भरपाई केली, हेही नोंदवले पाहिजे. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. लष्करात खेळाडूचे वजन, वय आणि प्रगती कागदावर नोंदली जाते, आणि केंद्रात पुढे उभ्या राहिलेल्या बॉईज स्पोर्ट्‌स कंपनीत खेड्यांतून निवडलेल्या मुलांना शाळा, खुराक आणि गादी एका छताखाली मिळू लागली. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील अर्जुन हलकुर्कीने २०२० मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत ५५ किलो ग्रीको-रोमन गटात कांस्यपदक मिळवले. ज्या प्रकारात पाय धरता येत नाहीत आणि जो मातीच्या मल्लाला सर्वांत परका, त्या प्रकारात आणि इतक्या कमी वजनात उत्तर कर्नाटकाचा मुलगा पदक घेतो, ही घटना पन्नास वर्षांपूर्वी कल्पनेत बसली नसती. महाराष्ट्राकडून बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य घेतले.

शिंदे यांचा ६० किलोंचा गट भारताच्या पदरात पडला तो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, हरयाणाच्या योगेश्वर दत्तच्या रूपाने. तो वाटेत रशियाच्या कुदुखोवकडून हरला होता. परंतु अंतिम फेरीत जाणाऱ्याकडून हरलेल्यांना पुन्हा संधी देण्याच्या नियमामुळे त्याला आणखी कुस्त्या मिळाल्या आणि त्या जिंकून त्याने कांस्य घेतले. लगेच पुढच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय संघटनेने वजनगट नव्याने आखले आणि ऑलिंपिकच्या फ्रीस्टाईलमधून हा ६० किलोंचा गटच निघून गेला. आता तेथे ५७ नंतर थेट ६५ येतो, आणि मधल्या वजनाच्या मल्लाला घटवायचे की वाढवायचे हे ठरवावे लागते.

निपाणीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर कागलच्या छत्रपती शाहू साखर कारखान्यातर्फे दरवर्षी मानधन कुस्ती स्पर्धा भरतात. त्या मॅटवर होतात, मल्लांचे वजन आधी काट्यावर करून त्यांना गट दिले जातात, आणि विजेत्यांना एकरकमी इनामाऐवजी मानधन लागू होते, ज्यातून खुराकाचा खर्च भागतो. बालगटापासून वरच्या गटापर्यंत प्रत्येक वजनाची कुस्ती तेथे स्वतंत्र मोजली जाते, आणि शेवटच्या मोठ्या जोडीसाठी बाकीच्यांना दुपारी उरकून घेण्याची पद्धत तेथे नाही.